मुलगा जहाजावर, वाट तांबड्या समुद्राची: अशा वेळी प्रार्थना कशी करायची?

बावखल

या विभागात मी वाचते नेहमी, लिहिते क्वचितच. आज, मार्च २०२४ मध्ये, लिहितेय कारण घरात बोलायची सोय नाही. नवऱ्याकडे विषय काढला की तो गप्प होतो, आणि सासूबाईंचं बीपी आधीच वर असतं.

धाकटा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर आहे. सध्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर. जहाज सुएझवरून जाणार की आफ्रिकेला वळसा घालून, हे त्यांना अजून पक्कं सांगितलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पकडलं, त्यावरचे २५ जण आज, मार्च २०२४ मध्ये, अजून सुटलेले नाहीत. परवा ६ मार्चला 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. तीन खलाशी गेले. आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने २१ जणांना वाचवलं, त्यात एक भारतीय होता. ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी उठून आवाज बंद केला आणि चित्रं बघत राहिले.

आम्ही वसईचे कॅथलिक. घरात रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, सध्या लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) असल्यामुळे शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाटही असते. पण हल्ली माळ हातात असते आणि लक्ष फोनवर. मेसेजला एकच टिक दिसली की पोटात गोळा येतो. मणी पुढे सरकतात, मी कुठल्या रहस्यावर, म्हणजे माळेतल्या येशूच्या कुठल्या प्रसंगावर आहे हेही लक्षात राहत नाही.

आमच्या प्रार्थना गटात हे बोलले, तर एक बाई म्हणाल्या, "भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय, तो वाढव." त्यांनी प्रेमानेच सांगितलं, पण त्या दिवसापासून मला प्रार्थनेला बसायचीच धास्ती वाटते. आता मुलाची काळजी आहेच, वर माझ्या कमी विश्वासामुळे त्याला काही झालं तर, ही दुसरी.

आणखी एक गोष्ट आहे, ती गटात बोलले नाही. ट्रू कॉन्फिडन्सवर गेलेल्यांत दोघे फिलिपिन्सचे होते. तो तर आपल्यासारख्याच, आपल्यापेक्षा जास्त, रोझरी म्हणणाऱ्या लोकांचा देश. त्यांच्या आयांनी प्रार्थना केली नसेल का? मग माझ्या प्रार्थनेत असं काय वेगळं आहे?

कुणी अशा काळातून गेलं असेल तर लिहा. उपदेश नको, तुम्ही काय केलंत ते सांगा.

भिंगार

बावखलताई, जय ख्रिस्त. मी नगरचा, निवृत्त पाळक (पास्टर) आहे. उपदेश नको म्हणालात, त्यामुळे जपून लिहितो.

आधी त्या 'कमी विश्वासा'बद्दल. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं ती रात्र उघडून बघा. प्रभू येशू तिथे घाबरलेला आहे. जिवाला मरणप्राय खेद झाला आहे, असं तो स्वतः शिष्यांना सांगतो. तिघांना म्हणतो, इथे थांबा, जागे राहा. त्याला त्या रात्री माणसं जवळ हवी होती. आणि तो काय मागतो? हा प्याला माझ्यापासून दूर कर. मत्तय सांगतो की त्याने तीनदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. नवे शब्द त्यालाही सुचत नव्हते. भीती हा अविश्वास असेल तर ही रात्र शुभवर्तमानातून काढून टाकावी लागेल. इब्री लोकांस पत्रात तर स्पष्ट लिहिलंय की त्याने मोठा आक्रोश करीत आणि अश्रू गाळीत प्रार्थना केल्या.

म्हणून तुम्ही घाबरून, फोनकडे बघत, अर्धवट लक्षात जी प्रार्थना करताय ती प्रार्थनाच आहे. तिला कमी लेखू नका.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक चूक होते असं मला फार वर्षं वाटत आलं आहे. रविवारी आपण स्तुतीची स्तोत्रं गातो आणि विलापाची वगळतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं खूप आहेत. "हे परमेश्वरा, कोठवर?" हा प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा येतो. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही उजेड नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते काढून टाकलं नाही. मी आजाऱ्यांच्या घरी ते वाचत असे. सुरुवातीला नातेवाईक बिचकायचे. पण अंथरुणावरचा माणूस मात्र बहुतेक वेळा मान हलवायचा, कारण त्याच्या मनातलं कुणीतरी आधीच देवापुढे बोलून ठेवलेलं त्याला सापडायचं.

फिलिपिन्सच्या आयांबद्दल विचारलंत. त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय सांगतो. सुरुवातीलाच हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तरवारीने मारतो. एका वाक्यात. मग दुसरा शिष्य पेत्र याला धरतो, मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते आणि देवदूत येऊन त्याला तुरुंगातून सोडवतो. मंडळीने याकोबासाठी प्रार्थना केली नसेल? केलीच असणार. तोही त्यांचाच, प्रभूच्या अगदी जवळच्या तिघांपैकी एक. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आणि कारण दिलं नाही. याकोबाचा विश्वास कमी होता असं त्याने लिहिलेलं नाही, हे मात्र मी प्रत्येक घाबरलेल्या माणसाला सांगतो.

विश्वास_जो

पाळकसाहेबांचा आदर आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं. देवाची वचनं आहेत ती धरून ठेवायची. ९१वं स्तोत्र रोज मोठ्याने म्हणा, ताई. "जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो, तो सर्वसमर्थाच्या सावलीत राहील." कोविडमध्ये आम्ही ते छापून दारावर लावलं होतं. घरात कुणाला काही झालं नाही. मुलालाही पाठवा, केबिनमध्ये लावू दे.

ओटी_सिस्टर

मी मिरजेकडची नर्स, मिशन हॉस्पिटलमध्ये शिकले. ९१वं स्तोत्र मलाही फार प्रिय आहे. पण कोविड वॉर्डात उशीखाली तेच स्तोत्र ठेवलेली माणसं मी जाताना पाहिली आहेत. चांगली, भक्तिमान माणसं. त्यांच्या घरच्यांना 'वचन धरलं नाही म्हणून' असं कुणी म्हटलं तर मला सहन होणार नाही. विश्वासदादा, तुम्ही तसं म्हणालेला नाहीत, हे मला माहीत आहे. पण दारावर लावलं म्हणून वाचलो, एवढं म्हटलं की पुढचं वाक्य ऐकणारा मनातल्या मनात पूर्ण करतो.

आणि एक. रानात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो, तेव्हा तो कुठलं वचन सांगतो? ९१व्या स्तोत्रातलंच, देवदूत तुला हातांवर झेलतील ते. प्रभूने त्या वचनावर उडी मारली नाही.

ताई, तुम्ही विचारलंत काय केलंत, तर सांगते. त्या काळात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. एक आजोबा होते, ऑक्सिजनवर, बोलायची ताकद नव्हती. मुलीने फोन केला, मी तो पिशवीत गुंडाळून स्पीकरवर त्यांच्या कानाशी धरला. ती पलीकडून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला लागली आणि मध्येच रडू येऊन थांबली, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" वर. तिला पुढे जाता येईना. मास्कच्या आत आजोबांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, मॉनिटरच्या बीपबीपमध्ये ऐकूही आला नसता, पण ते पुढचं म्हणत होते. मी तिला सांगितलं, "बाबा पुढे म्हणतायत, तुम्ही पण म्हणा." दोघांनी आमेनपर्यंत पूर्ण केली. माझा ग्लव्ह घातलेला हात त्यांनी धरला होता.

त्यानंतर मी घाबरले की स्वतःची प्रार्थना रचत बसत नाही. पाठ आहे तेवढीच म्हणते. अडकले तर दुसरं कुणीतरी पुढची ओळ म्हणत असेल, असं धरते.

विश्वास_जो

सिस्टर, तुमचं पटलं. ज्यांची माणसं गेली त्यांना दुखवायचा हेतू नव्हता. मी ते स्तोत्र म्हणत राहीन, पण परत वाचताना पंधरावं वचन नीट पाहिलं: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे संकट येणार हे स्तोत्रातच धरलेलं आहे. एवढी वर्षं म्हणतोय, तिथे कधी थांबलो नव्हतो.

खोताचीवाडी

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक. मुंबईत गिरगाव, माझगाव, वांद्रे, कुठल्याही जुन्या गावठाणात फिरा, गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतील. त्यातले बरेच प्लेगच्या काळातले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला, मग लोक शहर सोडून पळायला लागले. चर्चपर्यंत जायची भीती, एकत्र जमायची भीती. म्हणून लोकांनी वाडीतच क्रूस उभे केले आणि संध्याकाळी तिथे प्रार्थना सुरू झाल्या. आमच्याकडे मे महिन्यात अजून क्रुसापुढे लिटनी (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) होते, नंतर उकडलेले चणे वाटतात. लहानपणी आम्ही चण्यांसाठी जायचो. मोठं झाल्यावर कळलं की हे सगळं कशाच्या भीतीतून सुरू झालं.

पण मला सांगायचंय ते पुढे आहे. हा ताप ब्यूबॉनिक प्लेग आहे हे मुंबईत पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. गोव्याचे, कॅथलिक. ते घरोघर जाऊन रोगी तपासत होते. धोबी तलावला त्यांचा पुतळा आहे. आणि शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलमध्ये. आमच्या घरात प्लेगच्या गोष्टी सांगताना क्रूस आणि डॉक्टर एकाच दमात यायचे. आजी कधी म्हणाली नाही की क्रुसाने वाचलो, लसीने नाही. किंवा उलट.

भिंगार

खोताचीवाडी, उत्तम लिहिलंत. याला जोडून: १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लूथर गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांची सेवा करत राहिला. 'प्लेगपासून पळावं का' या प्रश्नावर त्याने पत्ररूपाने सविस्तर उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा की मी देवाकडे रक्षण मागेन, मग घराला धुरी देईन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला लागण व्हायला नको. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर कुठेही जाईन. औषध नाकारणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, असंही तो स्पष्ट म्हणतो. ४६व्या स्तोत्रावरचं त्याचं प्रसिद्ध गीतही साधारण त्याच वर्षांतलं. "देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे."

सेकंड_मेट

बावखल काकू, मी स्वतः जहाजावर आहे, सध्या सुट्टीवर घरी. आधी कामाचं सांगतो, मग प्रार्थनेचं.

एक टिक दिसली म्हणजे काही झालंय असं धरू नका. धोक्याच्या पट्ट्यात आमच्या कंपनीत क्रूचं इंटरनेट बंद ठेवतात. बऱ्याच जहाजांवर ट्रान्समीटरही बंद करतात, म्हणजे जागा कळत नाही. दोन-तीन दिवस मेसेज न येणं हे नियमाप्रमाणे चाललंय याची खूण असू शकते. जायच्या आधी तो तुम्हाला "आता काही दिवस फोन नाही" असं सांगून ठेवेल, अशी त्याच्याकडून कबुली घ्या.

दुसरं, जहाज युनियनच्या करारावर असेल तर जाहीर झालेल्या युद्धसदृश भागात जायला नकार द्यायचा हक्क खलाशाला असतो, कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. त्याला त्याचा करार वाचायला सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. आणि सध्या कितीतरी कंपन्या केप ऑफ गुड होपवरूनच जहाजं नेतायत. दिवस जास्त लागतात, पण नेतात.

आता आतली गोष्ट. मी एडनच्या आखातातून चाच्यांच्या भीतीत गेलो आहे. रेलिंगला काटेरी तार, कडेने पाण्याच्या नळ्या सोडलेल्या, ब्रिजवर जादा लुकआउट. रात्री दुर्बिणीतून प्रत्येक मच्छीमार बोट संशयाची वाटते. आमच्यात एक फिलिपिनो बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) होता. वॉच (पहाऱ्याची पाळी) सुरू व्हायच्या आधी तो मेसमध्ये पाच मिनिटं उभा राहून प्रार्थना करायचा. नंतर नंतर बाकीचेही येऊन उभे राहायचे, त्यात आमचा हिंदू चीफ कुक आणि एक इंडोनेशियन मुस्लिम ऑइलरही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण वॉचवर हात थरथरायचे थांबले, आणि ते काम करायला पुरेसं होतं.

काकू, तुम्ही त्या आयांचं लिहिलंत ना. तो बोसन घरी बोलायचा तेव्हा त्याची आई सगळ्या क्रूसाठी नावं घेऊन प्रार्थना करायची. माझं नाव तिला नीट उच्चारता यायचं नाही. मी तिला कधी पाहिलं नाही. तुमच्या मुलाच्या जहाजावर कोणी फिलिपिनो असेल तर त्याच्याही घरी अशी कोणीतरी तुमच्या मुलाचं नाव घेत असणार.

बंदरात स्टेला मारिसचे लोक जहाजावर येतात. १९२० पासून ग्लासगोत सुरू झालेलं हे कॅथलिक खलाशी-सेवेचं काम आता जगभरच्या बंदरांत चालतं. सिमकार्ड, गरम टोपी, कधी नुसत्या गप्पा. मुलाला सांगून ठेवा, ते आले तर खाली उतरून भेटायचं.

बावखल

सेकंड मेट, बाळा, तुझं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बरं वाटलं. इंटरनेट बंद ठेवतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याला आजच विचारलं, तो म्हणाला, "हो, तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

तुम्हा सगळ्यांमुळे एक बदल केला आहे. त्याच्याकडून त्याच्या जहाजावरच्या लोकांची नावं मागवली. पहिली नावंच फक्त. काल रोझरीत दुःखाची पाच रहस्यं होती आणि पहिलं रहस्य तेच, गेथशेमाने. प्रत्येक मण्याला एक नाव घेतलं. काही नावं मलाही उच्चारता आली नाहीत. गॅलेक्सी लीडरवरच्यांची नावं माहीत नाहीत, तर त्यांच्यासाठी एक अख्खं दशक, म्हणजे दहा मणी. सासूबाईंना वाटलं मला मंत्र चुकले, मग समजावून सांगितलं, तर त्याही घ्यायला लागल्या. फोन दुसऱ्या खोलीत होता. मुद्दाम ठेवला नव्हता, चार्जिंगला होता, पण मी आणायला उठले नाही.

त्या गटातल्या बाईंना मी शुक्रवारी भेटणार आहे. पाळकसाहेबांनी सांगितलेला याकोब आणि पेत्र त्यांच्याशी बोलायचा विचार आहे. भांडायला नाही. त्यांचाही भाऊ आखातात आहे, त्यांनाही आतून भीतीच वाटत असणार असं आता वाटतंय.

उत्तनकर

आमच्याकडे कोळ्यांत हे रोजचं आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी फादर येऊन बोटींना आशीर्वाद देतात, बोटींवर संतांची नावं असतात. तरी हवामान खात्याने लाल बावटा लावला की बोट बाहेर जात नाही, कितीही नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) झालेली असो. २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला, कितीतरी माणसं गेली. तेव्हा आमच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली, त्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. समुद्रावर गेलेला तो आपला, एवढंच.

बावखलताई, १०७वं स्तोत्र वाचा. त्यात गलबतांत बसून समुद्रावर कामधंदा करणाऱ्यांचं आहे, लाटांनी वर उचलले जातात, खाली आपटतात, मद्यप्यासारखे झोकांड्या खातात, अक्कल गुंग होते, मग संकटात देवाचा धावा करतात. ज्याने लिहिलं त्याने समुद्र पाहिलेला होता.

माऊलीभक्त

मी ख्रिस्ती नाही, पंढरीचा वारकरी आहे. धागा पहिल्यापासून वाचतोय. एक विचारायचं होतं, चुकीच्या जागी असेल तर सांगा. माझ्या आईची बायपास येत्या मंगळवारी आहे. तिचं लहानपण मिशनच्या शाळेत गेलं, तिथे शिकलेली एक प्रार्थना ती हल्ली सारखी आठवायचा प्रयत्न करते, डोंगर आणि झोप असं काहीतरी. बाकी तिला आठवत नाही. मी हरिपाठ म्हणतो तेव्हा ती ऐकते, पण तिला ते हवं आहे. कुणाला ओळखता येईल का?

भिंगार

माऊलीभक्त, ते १२१वं स्तोत्र असणार. "मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" पुढे येतं की तुझा रक्षक झोपी जात नाही, त्याला डुलकीही लागत नाही. आठच वचनं आहेत. मिशनच्या शाळांत ते पाठ करून घेत असत. व्यक्तिगत निरोपातून तुम्हाला पूर्ण पाठवतो, जुन्या भाषांतरातलं, कारण तिच्या कानावर तेच असणार.

माऊलीभक्त

आलं. वाचून दाखवलं. दुसऱ्या ओळीपासून पुढचं तिने स्वतःच म्हटलं. फार आभार. तिला आता ते मोठ्या अक्षरात लिहून हवंय. ऑपरेशनला नेताना चष्मा काढून घेतात का?

ओटी_सिस्टर

हो, थिएटरमध्ये नेण्याआधी चष्मा, कवळी, बांगड्या सगळं काढून नातेवाइकांकडे देतात. म्हणून कागदावर अवलंबून राहू नका, मंगळवारपर्यंत रोज दोनदा तिच्याबरोबर म्हणा म्हणजे पाठ होईल. ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की आई भूल चढेपर्यंत काहीतरी म्हणत असेल. बहुतेक जण म्हणू देतात. कुठलं हॉस्पिटल ते इथे लिहू नका, पण ऑपरेशनची वेळ मला निरोपात कळवा, त्या वेळी मी ड्यूटीवर असेन, तिथूनच म्हणेन.